परक्या कानांसाठी गाणं निवडताना

१९७७ साली पृथ्वी सोडून निघालेल्या नासाच्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांच्या अंगावर एकेक तबकडी बसवलेली आहे. १२ इंच व्यासाची, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. शिवाय ११५ चित्रं, पावसापासून देवमाशांपर्यंतचे आवाज आणि सुमारे ९० मिनिटांचं संगीत. संगीताचे तुकडे २७. त्यातला पंचविसावा केसरबाई केरकरांचा, भैरवीतली ‘जात कहां हो’, साडेतीन मिनिटांची.

आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान बहुतेक वेळा इथेच थांबतो. केसरबाई तिथे आहेत, आनंद आहे. पण पुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला कान आहेत की नाहीत हेही माहीत नाही, अशा कुणासाठी गाणं निवडायचं तर ते कशावरून निवडायचं? ‘सर्वांत चांगलं’ ही कसोटी तिथे चालत नाही. चांगलं कशाला म्हणायचं हे आपण ज्या सवयींतून शिकतो, त्या सवयी त्या ऐकणाऱ्याकडे नाहीत. माझ्या मते कसोटी एकच उरते: गाण्याचं व्याकरण त्या गाण्यातच सापडलं पाहिजे. बाहेरून काही आणावं न लागता, केवळ तुकडा मोजून, त्यातली पुनरावृत्ती शोधून, ‘हे लोक स्वर कुठून मोजतात, काळ कसा विभागतात, नियम कुठे मोडतात’ हे ज्यातून काढता येईल तो तुकडा पाठवावा.

आधी माध्यमाकडे बघू, कारण निवड नेहमी माध्यमाच्या मापाने होते. नेहमीची एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते. व्हॉयेजरची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर ठेवली, म्हणजे नेमक्या निम्म्या वेगावर. त्यामुळे वेळ दुप्पट मिळाला, एका बाजूवर जवळजवळ तासभर. त्याची किंमत मोजावी लागते ती वरच्या कंपनांत. तबकडीवर सुई जितकी आत सरकते तितका खाचेचा वेग कमी होतो. १६⅔ फेऱ्यांना मध्यापासून ६ सेंटिमीटरवर खाच सेकंदाला साधारण साडेदहा सेंटिमीटर सरकते. तिथे १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनांच्या आवाजाच्या एका लाटेला जेमतेम १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी जागा मिळते. सुईचं टोकच जवळपास त्या मापाचं असतं. लाट अरुंद झाली की सुई तिच्या तळापर्यंत पोचत नाही आणि आवाजाची धार बोथट होते. म्हणून झांजा, कर्णे, जोरदार ऑर्केस्ट्रा बाहेरच्या बाजूला ठेवावा आणि आत संथ, मोकळं, कमी गर्दीचं संगीत यावं. व्हॉयेजरच्या यादीचा शेवट बीथोव्हेनच्या तेराव्या स्ट्रिंग क्वार्टेटमधल्या ‘कावातिना’ने होतो. त्याच्या आधी ब्लाइंड विली जॉन्सनचं शब्दांविना गुणगुणणं, त्याआधी केसरबाई, त्याआधी ग्वान पिंगहूंचं गूछिन हे चिनी तंतुवाद्य. एक आवाज किंवा मोजकी तारवाद्यं. शेवटी हेच तुकडे ठेवण्यामागे भावनेचा विचार असेलच, पण खाचेलाही तेच मानवतं.

तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज दिलेलं आहे. वर ॲल्युमिनियमचं झाकण आहे आणि वाजवायचं कसं हे त्यावर रेखाटलं आहे. तबकडीची एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी, हे सांगायला ‘सेकंद’ वापरता येत नाही, कारण तो आपला घरगुती आकडा आहे. म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका संक्रमणाचा काळ एकक म्हणून घेतला, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा ०.७० पट, आणि ३.६ सेकंद म्हणजे अशी किती एककं हे द्विमान पद्धतीने कोरलं. हायड्रोजन सगळीकडे सारखाच असतो, हा त्यामागचा विचार. झाकणावर शुद्ध युरेनियम-२३८ चा २ सेंटिमीटर व्यासाचा ठिपकाही आहे. त्याचं निम्मं रूपांतर व्हायला ४.५१ अब्ज वर्षं लागतात, तेव्हा उरलेलं युरेनियम मोजून तबकडी केव्हा निघाली हे काढता येतं.

एवढं करूनही वेग चुकला तर? इथून पुढे काम संगीताचं आहे. समजा एखाद्या गायिकेचा षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, २२० हर्ट्झवर आहे. मग पंचम ३३० वर, शुद्ध मध्यम २९३ च्या आसपास, कोमल गंधार २६४ वर, कोमल धैवत ३५२ वर, कोमल रिषभ २३५ च्या किंचित खाली. तबकडी दुप्पट वेगाने फिरवली तर षड्ज ४४० होईल आणि पंचम ६६०. आकडे बदलले, पण पंचम-षड्जाचं ३:२ हे नातं तसंच राहिलं. मध्यमाचं ४:३, कोमल गंधाराचं ६:५, तेही तसंच. म्हणजे चुकीच्या वेगावरही राग शाबूत राहतो, कारण तो स्वरांच्या आपसातल्या अंतरांत असतो.

उलट दिशेने वाजवली तर मात्र अनर्थ होतो, आणि तो ओळखायचा कसा हे सांगणारी वाद्यं यादीत हवीतच. छेडलेली तार आणि मारलेलं चामडं एका क्षणी जोरात वाजतं आणि मग विरत जातं. हा नियम विश्वात कुठेही बदलणार नाही, कारण ऊर्जा हळूहळू निसटून जाणं हे साधं भौतिकशास्त्र आहे. तेव्हा ज्या दिशेने वाजवल्यावर आवाज शून्यातून फुगत फुगत येऊन एकदम तुटतो, ती दिशा चूक. गूछिनची तार असो की तबल्याचा एक बोल, असा तुकडा ऐकणाऱ्याच्या हाती काळाची दिशा देतो. नुसता गायनाचा किंवा बासरीचा सूर ही खूण इतकी स्वच्छ देत नाही, कारण श्वासाने धरलेला स्वर दोन्ही बाजूंनी मऊ असू शकतो. यादीत शाकुहाची ही जपानी बासरी आहे, गोरो यामागुचींची, जवळजवळ पाच मिनिटं. अप्रतिम आहे, पण दिशा ठरवायला ती फारशी कामाची नाही.

तबल्याबद्दल आणखी एक. साध्या गोल चामड्यातून निघणारे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे बारीक स्वर, मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. साधारण १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटी येतात, म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज ‘स्वर’ वाटत नाही. आपल्याकडे चामड्यावर शाई चढवतात, लोहाचा कीस, काजळी, खळ यांचे थरावर थर घोटून, आणि त्या वजनामुळे उपस्वर जवळपास पूर्ण पटींवर येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिलं होतं. व्हॉयेजरवर सेनेगलचे ढोलही आहेत. ज्याच्याकडे लाटा सुट्या करून पाहण्याचं साधन आहे, त्याने या दोन तालवाद्यांची तुलना केली तर त्याला एक गोष्ट नक्की कळेल: इथे कुणीतरी चामड्याला मुद्दाम स्वरात आणलं आहे. हेतू ही वस्तू अशीच दिसते, मोजमापातून.

आता केसरबाईंकडे. जगभरच्या संगीतपरंपरांचे अभ्यासक (एथ्नोम्युझिकॉलॉजिस्ट) रॉबर्ट ब्राउन यांनी तबकडीची निवड करणाऱ्या कार्ल सेगन यांच्या गटाला हे ध्वनिमुद्रण सुचवलं आणि आग्रहाने सुचवलं. यादीतलं जावाचं गामेलान, म्हणजे धातूच्या वाद्यांचं वृंदवादन, ध्वनिमुद्रित करणारेही तेच. केसरबाईंची तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. सेगन यांच्या गटातल्या ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं तेव्हा लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली खोक्यात पडलेल्या प्रती सापडल्या. मानवजातीच्या प्रतिनिधित्वाचा एक भाग असा खोक्यातून वर आला. निवडीत हेही नेहमी होतं. ध्वनिमुद्रणच नसेल तर कितीही मोठी कला यादीपर्यंत पोचत नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या, त्यामुळे त्यांचं जे उरलंय ते थोडंच आहे.

गोव्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाईंनी १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे, त्यांच्या निधनापर्यंत म्हणजे १९४६ पर्यंत, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. या घराण्याचं खरं काम मोठ्या ख्यालात दिसतं. विलंबित लयीत आवर्तन भरत नेणं, मोकळ्या आकारातली पेचदार तान, जोडरागातली गुंतागुंत. तबकडीवर त्यातलं काहीच पुरतं येत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि दोन पिढ्यांच्या गायकांनी आपलं गाणं त्या मापात बसवलं. अंतराळात गेलेली भैरवी त्याच मापाची आहे. म्हणजे एका यंत्राच्या मर्यादेने आखलेलं गाणं दुसऱ्या यंत्राच्या मर्यादेत शिरलं.

तरीही या निवडीशी मी पूर्ण सहमत आहे. साडेतीन मिनिटांतही आवाज पुन्हा पुन्हा षड्जावर येऊन टेकतो. जुन्या तबकड्यांवर तानपुरा पुष्कळदा मागे दबलेला असतो, पण गाणारीच सगळं एका ठिकाणाहून मोजते आहे हे लपत नाही. दुसरं, ठुमरी अंगाच्या भैरवीत कोमल स्वर ही चौकट असली तरी बाराही स्वरांना वाव असतो. ऐकणाऱ्याला चौकट आणि तिच्यातली मोकळीक एकाच ठिकाणी मिळते. आणि तिसरं म्हणजे मींड. दोन स्वरांच्या मध्ये आवाज ज्या वाटेने जातो ती वाट कुठल्याही स्वरलिपीत धड उतरत नाही, खाचेत मात्र ती जशीच्या तशी उतरते. कोमल रिषभावरून षड्जावर येतानाचा, वर मानलेल्या पट्टीत २३५ ते २२० हर्ट्झचा, उतार कुठे रेंगाळतो, कुठे वेग घेतो, हे सगळं तिथे वक्ररेषा म्हणून कोरलेलं आहे. ज्याला हवा नाही, कान नाहीत, तो प्राणीसुद्धा ही रेषा पाहू शकतो. गाण्याचे शब्द त्याला कळणार नाहीत हे उघड आहे, आणि निवड करताना शब्दांवर भर दिला नाही हेच बरं झालं.

आधार-स्वराची हीच सोय यादीत आणखी दोन ठिकाणी आहे. बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरातलं वाल्या बाल्कान्स्काचं गाणं गायदा या मशकवाद्याच्या अखंड सुरावर उभं आहे. जॉर्जियाचं ‘चाक्रुलो’ खालच्या धरलेल्या स्वरावर दोन आवाज चढवतं. तीन वेगळे देश, तीन वेगळ्या भाषा आणि एक सामाईक कल्पना: एक स्वर धरून ठेवायचा आणि बाकीचं त्याच्या नात्यात गायचं. हे तीन तुकडे शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला माणसाबद्दल काहीतरी खरं कळेल.

पण तिथेच धोका आहे. केसरबाई आणि बाख एवढंच पाठवलं असतं तर परका श्रोता म्हणाला असता, ‘या ग्रहावर ३:२ शिवाय पान हलत नाही.’ ते खोटं ठरवायला जावाचं गामेलान आहे. ‘पुष्पवर्ण’ हा तुकडा स्लेंद्रो सप्तकातला, नावाला सप्तक, प्रत्यक्षात पाचच स्वर, आणि त्यांच्यातली अंतरं जवळपास सारखी. तिथे आपला पंचम नेमका सापडत नाही. पितळी-काशाच्या पट्ट्यांचे उपस्वरही पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे ३:२ चा आग्रह धरायला ते वाद्यच भाग पाडत नाही. ग्लेन गूल्डने वाजवलेला बाखचा प्रील्यूड आणि फ्यूग पियानोवरचा आहे, म्हणजे पंचम १.५ ऐवजी १.४९८३. ऑक्टेव्हचे, म्हणजे सा ते वरचा सा या अंतराचे, बारा सारखे भाग करण्यासाठी केलेली ती तडजोड आहे. लक्षपूर्वक मोजणाऱ्याला एकाच तबकडीवर तीन वेगळ्या मोजपट्ट्या सापडतील. वैविध्य म्हणजे प्रत्येक देशाला एकेक खुर्ची देणं असं मला वाटत नाही. पहिल्या तुकड्यावरून बांधलेला नियम पुढच्या तुकड्याने मोडावा, यासाठी ते हवं.

या यादीतल्या दोन गोष्टी मला खटकतात. एक, २७ पैकी ८ तुकडे युरोपच्या अभिजात परंपरेचे, आणि त्यातले बरेच लांबलचक. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भागच ७ मिनिटं २० सेकंद. बाखचे तीन आहेत त्याला माझी हरकत नाही. एकाच माणसाची रचना ऑर्केस्ट्रावर, एकट्या व्हायोलिनवर आणि पियानोवर ऐकली की रचना आणि वाद्य वेगळं करता येतं, आणि हा धडा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या थोड्या वेळात देता आला नसता. पण दुसरी गोष्ट गंभीर आहे. पेरूचं लग्नाचं गाणं ३८ सेकंद. पेरूच्याच पॅनपाइप्स ५२ सेकंद. काँगोतल्या मुलींचं दीक्षागीत ५६ सेकंद, नावाहोंचा रात्रजप ५७ सेकंद. एवढ्या तुकड्यातून व्याकरण निघत नाही. एखादी गोष्ट नियम आहे की योगायोग, हे ठरवायला ती किमान दोनदा परत यावी लागते, तिसऱ्यांदा आली तर खात्री होते. झपतालाचं दहा मात्रांचं आवर्तन एकदाच ऐकवून समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, जागा कुणाला सांगता येईल? ज्यांचं संगीत जगाला सर्वांत कमी ठाऊक, त्यांनाच सर्वांत कमी सेकंद मिळाले. चार तुकडे गाळून उरलेल्यांना पुरता वेळ दिला असता तर प्रतिनिधित्व कमी झालं नसतं.

रेडिओने पाठवायचं असेल तर सगळा हिशेब बदलतो. २००१ साली क्रिमियातल्या येव्हपातोरियाच्या ७० मीटर ॲन्टेनावरून सूर्यासारख्या काही ताऱ्यांकडे संगीत पाठवलं गेलं. अलेक्सांद्र झाइत्सेव्ह यांच्या त्या प्रयोगात वाद्य होतं थेरेमिन, हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य. कारण सरळ आहे. थेरेमिनचा आवाज एका वेळी जवळपास एकाच कंपनसंख्येवर असतो, म्हणून प्रेषणाची सगळी शक्ती अरुंद पट्ट्यात राहते आणि दूरवर गोंगाटातून वर उठून दिसते. तीच शक्ती ऑर्केस्ट्रावर उधळली तर ती शेकडो उपस्वरांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की ताऱ्यांच्या पार्श्वभूमीत ते बुडून जातं. २००८ मध्ये नासाने माद्रिदजवळच्या ॲन्टेनावरून ध्रुवताऱ्याकडे बीटल्सचं एक गाणं सोडलं, तो उत्सव म्हणून ठीक. ऐकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर रेडिओसाठी एकट्या आवाजाचं, ठाय लयीतलं संगीतच शहाणपणाचं. ध्रुपदाचा आलाप त्यासाठी चपखल आहे.

आणि एक चूक आज कुणीही सहज करेल, ती म्हणजे एमपी-३. ती पद्धत माणसाच्या कानाचा नकाशा समोर ठेवून बनवलेली आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ती तो फेकून देते. आपल्याला फरक कळत नाही. ज्याचा कान आपला नाही, त्याला ती फाइल जागोजागी भोकं पडलेली दिसेल, आणि ती भोकं संगीताचाच भाग आहेत असं त्याने समजावं यात त्याची काही चूक नसेल. डिजिटल पाठवायचंच तर काहीही न वगळलेली लाट पाठवावी. पण मग संख्या कशा वाचायच्या, किती अंकांचा एक नमुना, सेकंदाला किती नमुने, हे सगळं आधी शिकवावं लागतं. खाचेला यातलं काहीच लागत नाही. ती स्वतःच लाटेचा आलेख आहे. पन्नास वर्षं होत आली तरी हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

जुनं ध्वनिमुद्रण घेताना आणखी एक काळजी. ‘७८’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नसत. सुरुवातीच्या काळातल्या काही कमी, काही जास्त. चुकीच्या वेगावर प्रत काढली की स्वरांची नाती टिकतात, पण पट्टी सरकते, लय बदलते आणि आवाजाची जात बदलते, बाई लहान मुलीसारखी वाटू लागते. गायक काळी एकला गात की काळी दोनला, हे जाणकारांकडून पडताळून मगच वेग पक्का करावा. यंत्र हे सांगणार नाही.

व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ ला निघालं, व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला मुंबईत गेल्या. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ-४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल, म्हणजे तेही काही जवळून नव्हे.

पुढची अशी तबकडी कुणी केली तर भारतीय संगीतासाठी माझी मागणी एकच आहे. एक बाजू संपूर्ण द्यावी. १६⅔ फेऱ्यांवर एका बाजूला जवळजवळ एक तास बसतो आणि तेवढ्यात एक पूर्ण मैफली ख्याल होतो: थोडी आलापी, विलंबित, मग द्रुत. लय कशी वाढत जाते हे एका बैठकीत दिसेल, सम शेकडो वेळा येईल, आणि योगायोगाला जागाच उरणार नाही. कर्नाटक संगीताचं एकही पान गेलेलं नाही, तेव्हा दुसरी बाजू रागम्-तानम्-पल्लवी या तिथल्या विस्तृत गानप्रकाराला द्यावी. पल्लवीत तीच ओळ दुप्पट-चौपट गतीने आणि पुन्हा मूळ गतीने गातात, म्हणजे गणिताचा धडा गाण्यातच आहे. टाळ्या, निवेदन, दाद सगळं काढून टाकावं, ते परक्याला फक्त गोंधळात पाडेल. पण सुरुवातीची तानपुऱ्याची जुळवाजुळव ठेवावी, दोन मिनिटं तरी. पंचमाची तार आधी थोडी उतरलेली असते, तिचे आणि खर्जातल्या षड्जाच्या तारेचे उपस्वर एकमेकांवर आदळून आवाज हेलकावे खातो. खुंटी पिळत नेली की हेलकावे संथ होत जातात आणि ३:२ गाठल्यावर थांबतात.